ज्याचं डिझाईन, तो स्लॅबखाली

निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या एका टोळीत मी सामील झालो. टोळीत एक बँकेतले, एक टपाल खात्यातले आणि दोन वकील. पहिल्याच दिवशी वकिलांपैकी एकानं विचारलं, "सर, आयुष्यभर नेमकं काय केलंत?" मी म्हटलं, "स्लॅबखाली उभा राहिलो." सगळे हसले. म्हातारा गमत्या दिसतोय, असं त्यांना वाटलं असावं. मी मात्र अगदी खरं तेच सांगितलं होतं.

कोल्हापुरातल्या एका तंत्रनिकेतनात मी स्थापत्याच्या पदविकेला शिकवत होतो. माझे विषय दोन, आरसीसी डिझाईन आणि रस्तेबांधणी. पदविका म्हणजे डिग्रीला न पोचलेल्यांची सोय, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. वस्तुस्थिती अशी की मोठे साहेब नकाशावर सही करून जीपमधून निघून जातात. त्यानंतर उन्हात उभा राहून सळ्या मोजणारा, मुकादमाशी भांडणारा आणि काम बिघडलं तर सगळ्यांच्या शिव्या खाणारा माणूस हा पदविकावाला असतो. त्याला तेव्हा ओव्हरसिअर म्हणत. असे ओव्हरसिअर तयार करणं हा आमचा उद्योग होता.

कच्चा माल अस्सल कोल्हापुरी. फळ्यावर गणित मांडून मी सिद्ध करायचो की इथं तीन सुती, म्हणजे तीन अष्टमांश इंच जाडीची, सळी पुरते, आणि मागच्या बाकावरून आवाज यायचा, "सर, पाच सुती घातली तर न्हाय चालत व्हय?" सिमेंट किती, तर जादा. लोखंड किती, तर जादा. पाहुण्याच्या वाटीत रस्सा वाढावा तसं ही मुलं काँक्रीटमध्ये लोखंड वाढायला निघायची. त्यात बांधकामाचं प्रात्यक्षिक घेणारे आमचे बाबालाल मिस्त्री त्यांच्याच बाजूचे.

"सर, लेकराला जेवाय वाढताना कोण मोजतंय व्हय?" ते म्हणायचे. "पडू द्या की चार सळ्या जादा."

मी घसा फोडून सांगायचो की जास्त लोखंडाचा बीम जास्त घातकी असतो. हिशेबात लोखंड घातलेला बीम मोडायच्या आधी वाकतो, त्याला तडे जातात, तो माणसाला पळायला वेळ देतो. लोखंड फार झालं की ते तसंच राहतं आणि काँक्रीट एकदम फुटतं, आधी काही न कळवता. हे मी वर्षानुवर्षं सांगितलं. मुलांनी ते परीक्षेत लिहून मार्क मिळवले आणि विश्वास एकानंही ठेवला नाही.

शेवटी मी एक पद्धत पाडली. शेवटच्या वर्षाची प्रत्येक तुकडी आवारात काहीतरी खरोखरीचं बांधायची, कधी पंपाची खोली, कधी पाण्याच्या टाकीचं झाकण. काँक्रीट ओतल्यावर ते कडक होईपर्यंत खालून लाकडी टेकू द्यावे लागतात. टेकूच्या बुडाशी पाचर मारलेली असते. ती ठोकून काढली की टेकू सुटतो आणि स्लॅब स्वतःच्या जिवावर उभा राहतो, किंवा राहत नाही. माझा नियम असा की टेकू काढताना ज्याचं डिझाईन त्यानं स्लॅबखाली उभं राहायचं, आणि त्याच्या शेजारी मी. हा नियम जाहीर झाल्यावर मुलांची गणितं फारच सुधारली. एरवी शेजाऱ्याच्या वहीतून उत्तर उचलणारी मुलं दशांश चिन्ह बरोबर पडलंय का हे विचारायला घरी येऊ लागली. टेकू काढायच्या दिवशी आमच्या सौभाग्यवती मला डब्यात गोड काहीतरी द्यायच्या. का, ते मी कधी विचारलं नाही.

पुढे वरून आदेश आला आणि ही पद्धत बंद झाली. आता मुलं स्लॅब कागदावर टाकतात आणि कागदाखाली कुणी उभं राहत नाही. याची मला अजून खंत वाटते. पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्याआधीची, सत्तरच्या दशकातली.

त्या काळात आमच्याकडे स्थापत्याला पहिली मुलगी आली. नाव गिरिजा, गाव हुपरी. घरात चांदीचं काम. वडील, काका, भाऊ, सगळे पैंजण घडवणारे. घराणं लिंगायत, त्यामुळे घरातलं निम्मं बोलणं कानडीत. मुलगी अंगानं किरकोळ आणि आवाज खणखणीत. "जादा घालू की" असं न म्हणणारी वर्गात ती एकटी होती. चांदीच्या घरात वाढल्यामुळे गुंजभर माल वाया गेला तरी तिच्या कपाळाला आठी पडायची.

तिच्या वडिलांची आणि माझी ओळख झाली ती रस्त्यामुळे. आवाराच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा तुकडा आमचा हक्काचा होता. एका वर्षीच्या तुकडीनं तो बांधायचा, पुढच्या वर्षीच्या तुकडीनं तो उखडायचा आणि पुन्हा बांधायचा. रस्ता म्हणजे वरचं डांबर, असा लोकांचा समज असतो. खरा रस्ता खाली असतो. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, खडीच्या फटीत मुरूम, वर पाणी आणि रोलर. मध्ये उंचवटा आणि दोन्ही कडांना उतार, कारण पाणी थांबलं की रस्ता संपला. हे सगळं आम्ही मन लावून करत असताना जाणारे येणारे थांबून ओरडायचे, "ओ पावणं, गेल्या साली चांगला हुता की! परत कशाला उकराय लागलाय?" एका म्हातारीनं मला कंत्राटदार समजून भर रस्त्यात पैसे खाल्ल्याचा आरोप केला. माझ्या मुलांनी हसत हसत तिला दुजोरा दिला.

ज्याला खडी फोडून घ्यायची आहे त्यानं ती आधी स्वतः फोडून पाहावी, असा माझा आग्रह असे. त्याप्रमाणे गिरिजा रस्त्याकडेला बसून हातोडीनं खडी फोडत होती. नेमकी तेव्हाच हुपरीची एसटी समोरून गेली आणि खिडकीत तिची आत्या होती. संध्याकाळच्या आत हुपरीभर झालं की गिरिजा कोल्हापुरात रस्त्यावर खडी फोडते.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. धोतर, काळा कोट, टोपी आणि हातात लांब दांड्याची छत्री. पावसाळा असो नसो, ही छत्री त्यांच्या हातात असायची. गाव त्यांना अप्पा म्हणायचं, मीही तेच म्हणू लागलो. त्यांनी छत्री माझ्या टेबलावर आडवी ठेवली.

"मास्तर, पोरगी शिकाय धाडली ती खडी फोडाय व्हय?"

मी त्यांना रस्त्याचं सगळं शास्त्र सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"समदं खरं. पर हे शिकून फुडं काय?"

"ओव्हरसिअर होईल."

"म्हंजे दुसऱ्याकडनं खडी फोडून घेणार." त्यांनी मान हलवली. "शिकू द्या तिला. शिकायला माझी ना न्हाय. पर नोकरीला मी धाडणार न्हाय. गवंड्या-मजुरांत तिचं ऐकणार कोण? आन तिनं बांधलेलं उद्या पडलं, तर लोक माझ्या दारात येतील की."

गिरिजा दाराशी उभी होती. ती म्हणाली, "अप्पा, मी बांधलेलं उभं राहिलेलं डोळ्यांनी बघितलं, तर पाठवाल?"

अप्पांनी छत्री उचलली. मुलीला ते लाडानं अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणत. "आदी उभं तर करून दाखव, अव्वा. मग बघू."

शेवटच्या वर्षी या तुकडीकडे आवारातल्या सामानाच्या एका नव्या खोलीचं काम आलं. खोलीला पुढे पोर्च होता. मी सगळ्यांची डिझाईन्स तपासली आणि गिरिजाचं निवडलं. साधारण त्याच सुमारास बांधकाम खात्यात ओव्हरसिअरच्या जागेसाठी तिची निवड होऊन हुकूमही घरी आला. निकाल लागला की रुजू व्हायचं. हुकूम कुठल्या गावचा आहे एवढंसुद्धा अप्पांनी विचारलं नव्हतं. त्यांचं "मग बघू" अजून संपलेलं नव्हतं, आणि ते या पोर्चवर अडलं होतं.

आता इथं थोडं शिकवणं भाग आहे, सवयीनं म्हणा. साधा स्लॅब दोन भिंतींवर टेकलेला असतो. त्यावर वजन आलं की त्याच्या पोटाला ताण बसतो, म्हणून त्याच्या सळ्या तळाला असतात. पोर्च मात्र एकाच बाजूनं धरलेला आणि पुढे मोकळा. पाण्यानं भरलेली बादली हात लांब करून धरून पाहा, खांद्याच्या वरच्या अंगाला ताण बसेल. म्हणून पोर्चच्या सळ्या वरच्या अंगाला लागतात, भिंतीच्या रेषेत तर नक्कीच. त्या वर तोलून धरण्यासाठी खाली वाकवलेल्या लोखंडाचे छोटे घोडे ठेवतात. घोडे कलंडले तर सळ्या खाली बसतात. मग पोर्चमध्ये लोखंड असूनही नसल्यासारखं.

काँक्रीट टाकायचा दिवस ठरला, मिक्सर आला, सिमेंटची पोती फुटली, आणि मग कळलं की त्याच दिवशी फुटबॉलची फायनल आहे. कोल्हापुरात फुटबॉल हा खेळ नाही, ते पेठापेठांमधलं जुनं भांडण आहे. चेंडू निमित्ताला. सामना शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या संघाचा आणि आणखी एका पेठेच्या संघाचा. ती दुसरी पेठ म्हणजे माझ्या बालपणीची. तिचं नाव लिहीत नाही, मला अजून याच गावात राहायचं आहे. आमच्या तुकडीतली निम्मी मुलं शिवाजी पेठेतली आणि त्यांचा म्होरक्या बाजीराव. हा अंगापिंडानं असा की मिक्सर बंद पडला असता तर त्याला हातानं फिरवायला सांगितलं असतं.

"सर, आज नको की," बाजीराव काकुळतीला आला. "उद्या दुप्पट काम करतो."

"स्लॅब एकदा धरला की सोडता येत नाही," मी म्हटलं. मैदान आमच्या कुंपणाच्या पलीकडेच होतं. सामना दिसत नसला तरी ऐकू येणार होता, यावर मुलांनी समाधान मानलं.

खोलीवरचा भाग ओतून झाला. पोर्च राहिला होता. मुलं घमेली घेऊन सळ्यांमधून जपून पावलं टाकत होती, गिरिजा ओरडून ओरडून प्रत्येकाला घोडे दाखवत होती, आणि पलीकडून एकदम अशी आरोळी उठली की कावळे उडाले. शिवाजी पेठेचा गोल झाला होता. घमेली हवेत गेली. बाजीरावनं जागच्या जागी उडी मारली, मग सगळ्यांनी मारली, मग एकमेकांना मिठ्या मारून पोर्चच्या सळ्यांवर ती पोरं अक्षरशः नाचली. मी उडी मारली नाही, कारण गोल आमच्यावर झाला होता.

"उतरा खाली! सळ्या दबल्या!" गिरिजा किंचाळली.

पोरं ओशाळली. आकड्यांनी सळ्या भराभर वर ओढल्या, घोडे उभे केले. मी वाकून पाहिलं, पुढच्या टोकाला सगळं ठीक दिसत होतं. बाबालाल मिस्त्रींनी भिंतीकडच्या बाजूला नजर टाकली आणि निकाल दिला, "हाईत की जाग्यावर." मागून काँक्रीट येतच होतं. बघता बघता सळ्या झाकल्या गेल्या. काँक्रीटची गंमतच ही आहे की एकदा ओतलं की आत काय आहे ते कुणाला दिसत नाही. आमच्या व्यवसायातल्या बऱ्याच लोकांचे संसार या एका गोष्टीवर चालतात.

परीक्षा आटोपल्या आणि टेकू काढायचा दिवस जवळ आला. आमच्या प्राचार्यांना समारंभांची हौस होती. फीत काय, सगळेच कापतात, आपण प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते पहिली पाचर काढू, अशी कल्पना त्यांना सुचली आणि तिच्यावर ते स्वतःच खूश झाले. प्रमुख पाहुणे म्हणून जिल्ह्यातले एक बडे कंत्राटदार ठरले. त्यांना ऊन लागू नये म्हणून त्यांची खुर्ची बरोबर पोर्चखाली मांडण्यात आली. मीही उत्साहाच्या भरात हुपरीला निरोप धाडला की अप्पांनी यावं आणि मुलगी स्वतःच्या स्लॅबखाली कशी उभी राहते ते पाहावं.

त्या सकाळी मी पोचलो तर गिरिजा शिडी लावून उभी होती. चेहरा ओढलेला.

"सर, मला छिन्नी-हातोडा पायजे."

"कशाला गं?"

"वरनं खोदून सळ्या बघायच्यात. भिंतीच्या रेषेत बोटभर खाली सळी लागली पायजे."

"आणि नाही लागली तर?"

"तर टेकू काढायचा न्हाय."

"अगं, आज अप्पा येणार आहेत," मी म्हटलं. मला खरंच तिची काळजी वाटली.

"म्हणूनच तर, सर. आज त्यांच्यासमोर उभा राहिला आणि महिन्यानं कुणाच्या डोक्यावर पडला, तर त्यांना मी काय सांगू?"

मी तिला छिन्नी-हातोडा आणून दिला. तेवढ्यात प्राचार्य धावत आले. "अहो, तोरण बांधलंय! पाहुणे घरातून निघालेत! आता कसलं खोदकाम?"

"साहेब, पाचर काढताना तुम्ही पाहुण्यांच्या शेजारी उभे राहणार ना?" मी विचारलं.

प्राचार्यांनी वर पोर्चकडे पाहिलं, खाली खुर्चीकडे पाहिलं. "खोदा," ते म्हणाले, "पण लवकर खोदा." आणि त्यांनी स्वतः खुर्ची उचलून लांब आंब्याखाली नेली.

गिरिजा पदर खोचून वर चढली. पहिला घाव डावीकडे घातला. खणखण आवाज आला, सळी बोटभर खालीच लागली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बाबालाल मिस्त्री म्हणाले, "बोल्लो न्हवतो?" मग ती मध्यावर आली. छिन्नी आत गेली, आणखी आत गेली. सळी लागेना. पोरांच्या शिट्ट्या थांबल्या. ती तशीच खाली खोदत राहिली.

या वेळी फाटकातून छत्री टेकत अप्पा आले. त्यांनी मुलीला वर पाहिलं आणि मला खाली पाहिलं.

"मास्तर, खडी झाली, आता स्लॅब फोडाय लावला व्हय माझ्या पोरीला?"

मी काही बोलायच्या आत पाहुण्यांची मोटारही आली. प्राचार्य हार घेऊन पुढे धावले. गिरिजानं उजवीकडे तिसरा खड्डा पाडला, त्यात बोट घातलं, आणि उठून उभी राहिली. तिला तिचे वडील दिसत होते, पाहुणे दिसत होते, सगळी तुकडी दिसत होती.

"सर, टेकू काढू नका," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "काम फसलंय. सळ्या खाली बसल्यात."

बाजीराव रडवेला झाला. "सर, मी नाचलो तितल्याच हैत त्या. तिची काय चूक न्हाय. मी उभा ऱ्हातो खाली, काढा टेकू."

"गप बस," मी म्हटलं.

कंत्राटदार साहेबांना सगळा प्रकार समजावून सांगावा लागला. त्यांनी तो नीट ऐकला आणि मिशीवरून हात फिरवला. "मग पाडूनच दाखवा की. आलोच हाय तर."

टेकूंना दोर बांधले. सगळ्यांना लांब केलं. पोर्चचे टेकू मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे काढत यायचे असतात, त्याप्रमाणे मी खूण करत गेलो आणि पोरं दूरवरून दोर ओढत गेली. पुढचे टेकू पडले. पोर्च उभाच. मधले पडले. पोर्च उभाच. एक क्षण मला वाटलं, आता हा जर पडला नाही तर आमची शोभा होणार. मग भिंतीच्या रेषेत, गिरिजानं खोदलं होतं तिथूनच, एक तडा सरसरत गेला आणि सबंध पोर्च तोरणासकट दाणकन खाली आला. धुरळा बसल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांबरोबर आलेल्या मंडळींना वाटलं की कार्यक्रम हाच होता.

प्राचार्य कसलेले होते. त्यांनी तिथल्या तिथं भाषण ठोकलं की यश सगळेच दाखवतात, अपयशाचं प्रात्यक्षिक दाखवायला धैर्य लागतं. कंत्राटदार साहेबांनी जाताना मला बाजूला घेतलं. "मास्तर, ही पोरगी तेवढी माझ्या कामावर धाडू नगा. धंदा बसंल माझा." ते हसत होते, पण पूर्ण नाही.

अप्पा ढिगाऱ्यापाशी वाकून उभे होते. एका तुकड्यातून बाहेर आलेली, तळाला बसलेली सळी त्यांनी बोटानं चाचपली. गिरिजा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. धुळीनं पांढरी झालेली, गालांवर पाण्याचे ओघळ.

"आमच्यात पैंजणाचा सांधा नीट बसला न्हाय, तर कोण रडत बसत न्हाय," अप्पा म्हणाले. "आटवत्यात, परत चांदीचा गोळा करत्यात. तू आटवलंस, बरं केलंस." तिचा चेहरा उजळला. त्यांनी छत्री काखेत मारली. "पर आटवणं सोपं असतंय, अव्वा. आता घडवून दाखव." आणि ते एसटी स्टँडकडे चालू लागले.

आम्ही खोलीची भिंतीकडची कड तासून पुन्हा सळ्या सोडल्या, जोड दिले. या वेळी सळ्यांवर कुणाचा पाय पडू नये म्हणून फळ्या टाकल्या. बाबालाल मिस्त्री वेताची काठी घेऊन पोर्चच्या तोंडाशी बसले. त्या दिवशी शहरात कुठल्याही पेठेचा कुठलाही सामना नाही, याची खात्री बाजीराव स्वतः मैदानावर जाऊन करून आला. काँक्रीटचं प्रत्येक घमेलं पडायच्या आधी गिरिजा खाली वाकून सळी बोटानं चाचपत होती, अगदी वडिलांसारखी. मग काँक्रीट ओलं राहून पक्कं व्हावं म्हणून आम्ही वर पाण्याची आळी केली आणि वाट पाहू लागलो. निकाल लागला, गिरिजा पहिल्या वर्गात आली. रुजू व्हायची मुदत जवळ येत चालली.

दुसऱ्यांदा टेकू काढताना समारंभ नव्हता. प्राचार्य आपल्या खोलीत बसले होते, खिडकी उघडी ठेवून. नियमाप्रमाणे गिरिजा पोर्चखाली जाऊन उभी राहिली, तिच्या शेजारी मी. बाजीरावही हट्टानं येऊन उभा राहिला, त्याला कुणी हलवू शकलं नाही. बाबालाल मिस्त्रींनी पाचरीवर हातोडा उगारला, तोच फाटकाशी छत्री दिसली. मी निरोप धाडला नव्हता.

अप्पा सरळ पोर्चखाली आले, मुलीच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी छत्री उघडून डोक्यावर धरली.

"अप्पा, छत्री कशाला?" गिरिजा कळवळून म्हणाली. "माझ्यावर विश्वास न्हाय व्हय?"

"तुझ्यावर हाय की." त्यांनी हनुवटीनं बाजीरावकडे खूण केली. "काँक्रीट ह्यानंबी टाकलंय न्हवं?"

पुढची पाचर निघाली. मग तिच्या मागची. एकेक टेकू बाजूला होत गेला आणि प्रत्येक घावाला गिरिजाची मूठ वळत गेली. शेवटचा टेकू निघाला. मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला. काही म्हणजे काही घडलं नाही. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठा आनंद नसतो.

पोरं ओरडली नाहीत, कारण अप्पा अजून छत्री धरूनच उभे होते. ते वर बघत राहिले. भिंतीच्या रेषेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी नजर फिरवली, पैंजण उजेडात धरून बघावं तशी. मग त्यांनी छत्री मिटली, तिच्या टोकानं वर पोर्चला एकदा टक् करून पाहिलं आणि गिरिजाला विचारलं,

"हुकूम कुठल्या गावचा हाय म्हणालीस?"